पाचवा आकडा

त्या कॅल्क्युलेटरवर बरोबरचं चिन्ह नव्हतं. झिजून गेलं होतं असं नाही; मुळातच नव्हतं. ज्या कोपऱ्यात इतर कॅल्क्युलेटरवर दोन आडव्या रेघांचं बटण असतं तिथे याचं बेरजेचं बटण होतं, आणि त्याच्या अलीकडे एक उभं, दुप्पट उंचीचं ‘एंटर’. या एंटरचं पहिलं अक्षर अंगठ्याखाली पार पुसलं गेलं होतं. आधी आईच्या अंगठ्याखाली, मग लेकीच्या.

आईने पूल बांधण्याच्या कामात सारी हयात काढली होती आणि निवृत्त होताना खात्याच्या सगळ्या वस्तू परत करून ही एवढी स्वतःची वस्तू घरी आणली होती. लेक आता तो भिंगांच्या वर्कशॉपमध्ये वापरायची. सूक्ष्मदर्शकांसाठी लागणारी भिंगं तिथे घासून, चकचकीत करून बाहेर पडत. कुठल्या भिंगाला किती वक्रता द्यायची, हा हिशेब तिच्याकडे. केसाच्या जाडीच्या साठाव्या-सत्तराव्या हिश्शाएवढी चूकही तिच्या नजरेतून सुटत नसे, म्हणून सगळे तिला ‘मायक्रॉन’ म्हणत.

त्या सकाळी हिशेब अर्धा सोडून ती एक भिंग पुन्हा मोजायला पलीकडच्या खोलीत गेली. परत येऊन बघते तो तिच्या टेबलाशी एक अनोळखी माणूस. उंच, शर्टाचे खांदे पावसाने भिजलेले. कॅल्क्युलेटर कानाशी धरून हलवत होता.

“तो खुळखुळा नाहीये,” ती म्हणाली.

तो दचकला. “सॉरी... माझा फोन गेटवर ठेवून घेतलाय, आणि मला एक बेरीज — म्हणजे तशी मोठी आहे, पण आधी छोटी करून बघावी म्हटलं — मॅडम, तुमच्या या यंत्राला वेड लागलंय. पाच अधिक तीन विचारलं तर तीन म्हणतंय.”

“आधी पाच, मग अधिक, मग तीन असं दाबलंत?”

“मग कसं दाबायचं? आणि बरोबरचं बटण कुठे दडवलंय? मघापासून शोधतोय.”

“त्यात माझा आकडा होता.”

“कशात?”

“एक्केचाळीस पूर्णांक बहात्तर. तुम्ही पाच लिहून अधिक दाबलंत, ते पाच माझ्या आकड्यात मिसळले. मग तीन आले ते नुसतेच वर बसले. याला आधी दोन्ही आकडे द्यावे लागतात. काय करायचं ते शेवटी सांगायचं.”

त्याचा चेहरा उतरला. “अरे देवा... म्हणजे तुमची सकाळपासूनची मेहनत...?”

तिने कॅल्क्युलेटर त्याच्या हातून घेतला. एक बटण दाबून तीन बाजूला सारले. पडद्यावर ४६.७२ आले. मग पाच, मग वजाबाकी. ४१.७२.

“काही हरवत नाही,” ती म्हणाली. “खाली असतं. फक्त दिसत नाही.”

तो हसला. पत्त्यांची जादू उलगडून दाखवल्यावर लहान मूल हसतं तसं, तोंडभर. आणि कामाच्या जागी कधी न हसणाऱ्या मायक्रॉनच्याही ओठांच्या कडा हलल्या. तो गेल्यावर तिने हिशेब पुढे सुरू केला. निदान तसा तिचा समज होता. चहाची वेळ झाली तेव्हा पडद्यावर अजून ४१.७२च होतं.

तो प्रोग्रॅमर होता. वर्कशॉपचे सगळे हिशेब संगणकावर करून देणारा प्रोग्रॅम लिहायला त्याला बोलावलं होतं. बोलताना त्याच्या एका वाक्यात दुसरं वाक्य शिरायचं आणि दुसऱ्यात तिसरं; बाहेर पडताना कधी सगळे दरवाजे लागायचे, कधी एखादा उघडाच राहायचा. आठवडाभर ऐकून पॉलिशिंगच्या मशीनवरच्या काकांनी त्याचं बारसं उरकून टाकलं — कंसमामा.

“काका, कंसमामा काय! चांगला सज्जन माणूस आहे मी.”

“सज्जन असाल हो, पण किती ते कंस! कालचा एक अजून मिटला नाहीये. तुमच्या मावशीचं काय झालं पुढे?”

मावशीचं पुढे काय झालं हे त्यालाही आठवेना.

त्याचं आणि तिचं पहिलं खरं भांडण कॅन्टीनमध्ये झालं.

“तुमची पद्धत माणसांची नाहीच,” तो म्हणाला. “तिला पोस्टफिक्स म्हणतात. क्रिया शेवटी. जगातल्या झाडून सगळ्या शाळांत मुलं काय शिकतात? पाच, अधिक, तीन. दोघांच्या मधे चिन्ह. इनफिक्स. कसं हातात हात घालून उभे असल्यासारखे दिसतात.”

“आणि पाच अधिक तीन गुणिले दोन? किती?”

“अकरा. गुणाकार आधी.”

“मला सोळा हवे असतील तर?”

“तर पाच अधिक तीनला कंस घाला.”

“बघा. नियम पाठ करा, वर कंस घाला. माझ्याकडे पाच, तीन, अधिक, दोन, गुणिले. झाले सोळा. कंस नको, कुणाचा मान आधी ते लक्षात ठेवायला नको. ज्या क्रमाने दाबलं त्या क्रमाने होतं.”

“पण वाचणाऱ्याला कळायला नको का, चाललंय काय ते? तुमच्याकडे नुसते आकडे येऊन बसतात. माणूस वाट बघत राहतो, आता हिच्या मनात बेरीज आहे की वजाबाकी...”

हे बोलून झाल्यावर तो एकदम चहाच्या कपात बघायला लागला. तीही.

मग त्याने टेबलावरच्या रिकाम्या बश्या गोळा करून एकावर एक रचल्या. “एक गुपित सांगू? माझा प्रोग्रॅमसुद्धा आतून तुमच्यासारखंच करतो. लोक लिहितात ते कंस घालून, चिन्हं मधे ठेवून. मी ते उलगडतो. आकडे पुढे जाऊ देतो, चिन्हांना बाजूला थांबवतो, आणि ज्याची पाळी आली त्याला मागून सोडतो. मग आकड्यांची अशी चळत लागते. चिन्ह आलं की वरच्या दोन बश्या उचलायच्या, त्यांचं जे होईल ती एक बशी परत वर.” त्याने दोन उचलून एक ठेवली. “म्हणजे बाहेरून मी, आतून तुम्ही.”

“बशी फुटेल,” ती म्हणाली. कान मात्र तापले होते.

पुढे ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते कुणालाच सांगता आलं नसतं. दुपारी तो एखादं समीकरण घेऊन यायचा. एका कागदावर तो आपल्या पद्धतीने मांडायचा, ती आपल्या. तिच्या मांडणीत आकड्यांमध्ये सारखं अंतर, त्याच्या मांडणीत कंसांची पोटं सुटलेली. एकदा तिने त्याच्या कागदावर न मिटलेला कंस बोटाने दाखवला. तो म्हणाला, “राहू दे तो. तेवढ्यासाठी पुन्हा यायला कारण मिळतं.”

ती घरी आली की आई विचारायची, “आज काय म्हणतोय तुझा कंसमामा?”

“माझा कुठला, आई! वर्कशॉपचा आहे.”

“बरं. वर्कशॉपचा काय म्हणतोय?”

एका संध्याकाळी भुरभुर पाऊस पडत होता आणि बसथांब्याचं छप्पर गळत होतं. छत्री एकच, तिची. एरवी धारा अंगावर आल्या की चार पावलं मागे सरणारा तो आज जागचा हलेना. त्याचा डावा खांदा छत्रीबाहेर भिजत होता.

“मला — म्हणजे घरी सांगून झालंय, ताई तर म्हणाली इतके दिवस काय करत होतास, आणि ही छत्री तुझी आहे, मी तिच्यात फुकट उभा आहे, हेही मला माहीत आहे — तुझ्याशी लग्न करायचंय.”

बस आली, थांबली, गेली.

“कंस मिटला?” तिने हळूच विचारलं.

“मिटला. पहिल्यांदाच.”

“मी... विचार करून सांगते.”

“सांग. घाई नाही.”

तिने छत्री थोडी त्याच्या बाजूला कलती केली. उत्तर असं तेवढंच.

आणि मग ती विचार करत राहिली. विचार करणं म्हणजे तिच्या लेखी आधी सगळे आकडे हातात येऊ देणं. आईची दृष्टी दिवसेंदिवस अधू होत होती. डोळ्यांच्या मागचा पडदाच विरत चालला होता आणि त्याला जगातलं कुठलंही भिंग पुरं पडणार नव्हतं. मग आईला एकटं कसं टाकायचं? त्याचं काम आज या गावी, उद्या त्या. मग आपल्या कामाचं काय? शिवाय आपला स्वभाव असा, चहात साखर किती हे ठरवायलाही वेळ लागणारा. तो कंटाळला तर? रोज एक नवा प्रश्न सापडायचा. ती तो आधीच्या प्रश्नांवर नीट ठेवायची. बटण काही दाबायची नाही. पावसाळा सरला, थंडी आली, स्वेटर बाहेर निघाले, परत आत गेले. तो विचारत नव्हता. ते न विचारणं इतकं सभ्य होतं की तिला त्याची सवय होऊन गेली.

एके सकाळी तो तिच्या टेबलाशी आला आणि त्या दिवशी त्याच्या बोलण्यात एकही कंस नव्हता.

“प्रोग्रॅम संपला. आज शेवटची चाचणी. मला दुसरीकडून बोलावणं आलंय, लांबून. उद्या दुपारपर्यंत हो-नाही कळवायचं आहे.”

“अच्छा,” ती म्हणाली.

“तुझं उत्तर नसेल तर मी जाईन. रागाने नाही. पण रोज समोर बसून वाट बघणं... ते आता जमत नाही मला.”

चाचणी लगेचच होती. वर्कशॉप चालवणाऱ्या मोठ्या बाई येऊन उभ्या राहिल्या. एका नव्या भिंगाचा हिशेब एकीकडे प्रोग्रॅमने करायचा, दुसरीकडे मायक्रॉनने, आणि जुळला तर दुपारीच काच मशीनवर चढवायची. काच महागामोलाची होती; एकदा चुकीची घासली की गेलीच.

तिची बोटं नेहमीसारखी चालली. उत्तर आलं. त्याचं आलं. जुळलं नाही.

“मायक्रॉन चुकत नाही,” पॉलिशिंगचे काका म्हणाले. कुणीच वाद घातला नाही. त्याने स्वतःसुद्धा नाही.

“माझंच कुठेतरी राहिलं असणार,” तो म्हणाला. “काच थांबवा, बाई. सकाळपर्यंत शोधतो.”

मोठ्या बाई मान हलवून गेल्या. तो पडद्यात डोकं घालून बसला. संध्याकाळी ती निघाली तेव्हाही त्याची मान वर झाली नव्हती. इतके महिने जे लिहिलं तेच शेवटच्या दिवशी खोटं ठरलेला माणूस कसा दिसतो, ते तिने दारातून पाहिलं.

घरी आई खिडकीशी बसली होती. दिवेलागणीची वेळ. आईला आता माणसं कडेकडेने दिसत, मधला भाग धुरकट. पण कान शाबूत होते.

“पुन्हा करून बघते,” असं म्हणत ती कॅल्क्युलेटर घेऊन आईशेजारीच बसली. टक, एंटर. टक टक, एंटर. टक, एंटर...

“बयो,” आई म्हणाली, “काय करते आहेस?”

“हिशेब.”

“तो कळला. पण एकामागून एक आकडे चढवत चालली आहेस, क्रिया एक नाही. पाचवा चढला ना आता?”

“हो. सगळे दिले की मग शेवटी...”

“अगं, याला मजले चार आहेत.”

ती थांबली.

“दोनपासून सहापर्यंत चढव,” आई म्हणाली. “चढवलेस? आता अधिक. गुणिले. अधिक. गुणिले. किती?”

“एकशे एक्केचाळीस.”

“आता तोंडी कर. पाच नि सहा अकरा, चोक चव्वेचाळीस, त्यात तीन, सत्तेचाळीस. त्याची दुप्पट?”

“...चौऱ्याण्णव.”

“तुझे दोन गेले कुठे?”

तिने पडद्याकडे पाहिलं. १४१. सत्तेचाळीसला दोनाने गुणायच्या ऐवजी यंत्राने तिनाने गुणलं होतं. पाचव्या आकड्याला जागा द्यायला सगळ्यात पहिला आकडा तळातून बाहेर पडला होता, आणि रिकामी झालेली जागा यंत्राने तळाला उरलेल्या आकड्याचीच नक्कल लावून भरली होती.

“बोंबलत नाही ते,” आई म्हणाली. “फार सभ्य यंत्र आहे. पहिला पडला तरी चूक दाखवत नाही, शांतपणे उत्तर देतं. खोटं. म्हणून मी तुला शिकवलं होतं, आतल्या कंसापासून सुरू कर आणि दोन हातात आले की लगेच दाब. साठवून ठेवू नकोस. तू तर कधी विसरायची नाहीस. आज काय झालं?”

आज काय झालं होतं ते तिला चांगलंच ठाऊक होतं. आईलाही असावं.

“त्याचा प्रोग्रॅम बरोबर होता,” ती पुटपुटली. “त्याच्या चळतीला मजल्यांची मर्यादा नाही.”

“प्रोग्रॅमच्या नसेल. माणसाच्या असते,” आई म्हणाली. मग तिने मान वळवून खिडकीबाहेर, कडेकडेने, पाहिलं. “आणि त्या दुसऱ्या हिशेबाचं काय? त्यात मला कुठल्या मजल्यावर बसवलंयस?”

“आई...”

“आई काय! माझे डोळे गेलेत, अक्कल नाही. मला विचारलंस कधी? शेजारच्या वैनी रोज येतात, रेडिओ आहे, जिन्याच्या पायऱ्या मला पाठ आहेत. तू इथे राहा, नाहीतर तिकडे राहा, नाहीतर मला सोबत ने. हे सगळं करता येण्यासारखं आहे. पण तू सगळे आकडे घेऊन बसून राहिलीस ना, तर पहिलाच पडेल. काय होता गं पहिला?”

पहिला काय होता ते तिलाही पटकन आठवेना, आणि त्याचीच तिला भीती वाटली. आईचे डोळे, कामाचं गाव, स्वतःचा स्वभाव... हे सगळे नंतरचे. त्यांच्याआधी? मग हळूहळू आठवलं. भिजलेले खांदे. कानाशी धरलेला कॅल्क्युलेटर. ते तोंडभर हसू, आणि त्या दुपारी पडद्यावर तसंच राहिलेलं ४१.७२. पहिला आकडा एवढाच होता की तो आला आणि तिला बरं वाटलं. बाकीच्यांखाली तो पडायला आला होता, आणि तिला पत्ताही नव्हता.

‘काही हरवत नाही,’ असं तिने त्याला मोठ्या ऐटीत सांगितलं होतं!

तिने आईचा हात घेतला. अंगठ्याच्या टोकाची कातडी अजून गुळगुळीत होती. पुलांच्या हिशेबांनी, याच बटणावर गुळगुळीत झालेली.

“थँक्यू, आई.”

“कशाबद्दल?”

“हे यंत्र दिल्याबद्दल. आणि कानांबद्दल.”

“जा, ताटं घे,” आई म्हणाली. पण हात तिने सोडवून घेतला नाही.

सकाळी वर्कशॉपमध्ये पॉलिशिंगचं मशीन घरघरत होतं. तो टेबलाशी उभा होता. दाढी वाढलेली, पिशवी भरून ठेवलेली. मोठ्या बाईही होत्या.

“मला काही सापडलं नाही, बाई,” तो सांगत होता. “मी सगळं—”

“सापडणार नाही,” ती मधेच म्हणाली. “त्यात काही नाहीये. चूक माझी आहे. मी पाच आकडे चढवले, पहिला पडला. आता आतून बाहेर करून आणलंय. हे बघा.”

दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी ठेवली गेली. शेवटच्या दशांशापर्यंत जुळली.

मोठ्या बाईंनी चष्मा वर सरकवून तिच्याकडे पाहिलं. “मायक्रॉन, तू चुकलीस?”

“चुकले, बाई.”

“लागली एकदाची नजर,” काका मशीनवरून ओरडले.

खुर्चीच्या पाठीला हात टेकून त्याने श्वास सोडला, आणि तो तिच्याकडे बघून हसला. दमलेलं, पण तेच हसू. “थँक्यू,” तो म्हणाला. “एवढं ऐकून गेलो तरी खूप आहे मला.”

“थांब,” ती म्हणाली. “आतल्या कंसापासून सांगते, म्हणजे पडायचं नाही काही. आईला विचारलं. ती म्हणते, इथे राहा, तिकडे राहा, मला घेऊन जा, काहीही चालेल. तो एक मिटला. काम... भिंगं सगळीकडे लागतात. तू तिकडे हो कळव नाहीतर नाही कळव, ते आपण दुपारच्या आत बसून ठरवू. तोही मिटला. मी हळू आहे. ते तुला दिसलंच आहे आणि तरी तू थांबलास. त्याबद्दल मी तुझी आयुष्यभर...” तिचा आवाज ओला झाला. “इतके महिने तू एकदाही विचारलं नाहीस. मला वाटायचं, नाही विचारत तर बरंय. कुणाला इतकं थांबवून ठेवू नये रे.”

“मग?” तो म्हणाला. त्या एका शब्दाच्या पुढे-मागे काहीच नव्हतं.

ती काहीतरी बोलली. मशीनच्या घरघरीत ते कुणालाच ऐकू गेलं नाही. मोठ्या बाई पुढे झुकल्या. त्याने कानामागे हात धरला.

काकांनी हात लांब करून खटका खाली पाडला. मशीन फिरत फिरत थांबलं. खोलीत इतकी शांतता झाली की भिंगावरून ओघळणाऱ्या पाण्याचा थेंबही वाजला.

“बोला आता, मायक्रॉनबाई,” काका म्हणाले. “आम्हीही तेवढेच महिने थांबलोय.”

ती लाजली, पण मान खाली गेली नाही. अंगठा नकळत एंटरच्या पुसल्या अक्षरावर टेकला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, थांबत, एकेक शब्द ठेवत ती म्हणाली, “मी, तुझ्याशी, लग्न करणार आहे.”